ते धुकं नव्हतं

समता कांबळे बेळगावच्या एका कला महाविद्यालयात एचिंग शिकवते. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, सुईनं त्यात रेघा ओढायच्या आणि पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. रेघांच्या जागी ॲसिड धातू खातं. मग त्या खाचांत शाई भरून ओल्या कागदावर छाप घ्यायचा. पहिल्या वर्षाच्या मुलांना एवढं समजावून झालं की ती त्यांना दरवर्षी एकच चित्र दाखवायची. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणा इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं केलेलं, जांबोटीकडच्या डोंगरांचं. एकामागे एक चढत गेलेल्या रांगा, कड्यावरून पडणारे तीन धबधबे, डाव्या कडेला एक मोठा धोंडा आणि त्याच्या पलीकडच्या उतारावर धुक्याचा पट्टा. माणसाचा मागमूस नाही.

"इथं बघा, रेघ थांबलीय," ती त्या धुक्यावर बोट ठेवून सांगायची. "धुकं काढता येत नाही. ती जागा सोडून द्यावी लागते. अशी जागा सोडून द्यायला छाती लागते."

मुलं वहीत लिहून घ्यायची.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर शहरात जुन्या डोंगरचित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. निपाणीच्या एका जुन्या तंबाखू व्यापारी घराण्याकडं अशा चित्रांच्या दोन पेट्या होत्या. वारसांपैकी कुणाला त्यात रस नव्हता, म्हणून त्या प्रदर्शनाला मिळाल्या. सगळी व्यवस्था ऋतिका नावाची धारवाडची तरुण मुलगी बघत होती. चित्रांची माहिती लिहून द्यायचं काम तिनं समताकडं दिलं.

पहिल्या पेटीत समताच्या ओळखीचं चित्र निघालं. इतकी वर्षं ती पुस्तकातलं छापील चित्र दाखवत आली होती, आता मूळ छाप हातात होता. ती अर्धी दुपार ते न्याहाळत बसली. दुसरी पेटी दोन दिवसांनी उघडली. ऋतिका एकेक कागद काढून टेबलावर ठेवत होती आणि मध्येच थांबली.

"मॅडम, हे पण तुमचंच चित्र आहे ना? पण यात माणसं आहेत."

समता जवळ गेली. तेच डोंगर, तेच तीन धबधबे, तोच धोंडा. आणि जिथं धुकं असायला हवं होतं तिथं घरं होती. गवतानं शाकारलेली बुटकी घरं, उतारावर एकाला एक लागून. एका दारात एक बाई, कडेवर मूल. दोन बाया डोक्यावर भारे घेऊन चढणीला लागलेल्या. आणि पुढं, सगळ्यांच्या पुढं, खांद्यावर घोंगडं टाकलेला एक माणूस, हातात उंच काठी. काठीच्या टोकाला घुंगरं होती. सुईच्या टोकानं काढलेले बारीक ठिपके, पण घुंगरंच.

तिनं पहिल्या पेटीतलं चित्र आणून शेजारी ठेवलं आणि भिंग घेतलं. ज्याला ती इतकी वर्षं धुकं म्हणत होती, तिथं बारीक बारीक ओरखडे दिसले, सगळे एकाच दिशेचे. त्यावर घासून गुळगुळीत केल्याची झाक. वर्गात मुलांची चुकलेली रेघ अशीच काढून टाकायला ती शिकवत असे. आधी धारदार खरवडणीनं खाच खरवडायची, मग बर्निशर, म्हणजे गुळगुळीत पोलादी हत्यार, घासून पत्रा सपाट करायचा. कितीही केलं तरी शाई तिथं थोडी धरते आणि छापात एक राखाडी डाग येतो.

एका घराचं आढं खरवडायचं राहून गेलं होतं. तिरपी, केसाएवढी रेघ. ती रेघही तिनं मुलांना दाखवली होती. वाळलेली फांदी म्हणून.

"काय झालं?" ऋतिकानं विचारलं.

"हे पुसलंय," समता म्हणाली. "पत्र्यावरून पुसलंय. आधीचा छाप हा आणि नंतरचा तो." तिनं भिंग ऋतिकाच्या हातात दिलं. "मी धुकं शिकवत होते."

ऋतिकानं दोन्ही कागदांच्या मागं बघितलं. साल दोन्हीकडं पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. मध्ये वीस-पंचवीस वर्षांचं अंतर होतं.

"गाव नसलेला डोंगर विकायला बरा पडत असेल," ती म्हणाली. "विलायतेत लोकांना रानच हवं असणार." मग तिलाच ते बोलणं बरं वाटलं नाही. ती चहा सांगायला बाहेर गेली.

समता एकटीच त्या काठीवाल्या माणसाकडं बघत राहिली. घुंगरांची काठी म्हणजे येसकराची, गावची वेस राखणाऱ्या महाराची काठी. तिच्या पणजोबांकडं तशीच होती असं तिनं ऐकलं होतं. धम्म घेतल्यावर आजोबांनी ती चुलीत घातली होती. तिनं निपाणीला वडिलांना फोन लावला.

"आप्पा, उद्या बेळगावला येता? एक दाखवायचंय."

सत्याप्पा कांबळे सत्तरी ओलांडलेला माणूस. जन्म निपाणीच्या वस्तीतला, उमेदीची सगळी वर्षं तंबाखूच्या वखारीत हमाली करण्यात गेलेली. बायको गंगव्वानं विड्या वळल्या आणि दोघांनी मिळून मुलीला शिकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, कारण मुलीच्या कामाच्या ठिकाणी जायचं होतं. समतानं त्यांना टेबलाशी बसवलं आणि माणसांचं चित्र पुढं सरकवलं. काठीवर बोट ठेवून ती काही सांगणार होती. पण आप्पा काठीकडं बघतच नव्हते.

त्यांनी चष्मा पुसला, परत घातला. चित्राच्या कडेला असलेल्या धोंड्याजवळ बोट नेलं, पण टेकवलं नाही.

"ह्यो मधनं फुटलाय," ते म्हणाले.

"व्हय. भेग हाय त्याला," समता म्हणाली.

"आन् ही पाणी. एक, दोन, तीन." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "ह्ये कुठं गावलं तुला?"

"काय झालं आप्पा?"

आप्पा खाली बघतच सांगायला लागले. चौथीत असताना मास्तरांनी प्रत्येकाला गाव विचारलं होतं. सत्याप्पानं निपाणी सांगितलं. मास्तर म्हणाले, निपाणीचे कसले तुम्ही, तुम्ही कुठनं तरी आलेले, ते गाव सांग. घरी येऊन त्यानं आईला विचारलं. आईचं नाव राजाबाई. ती म्हणाली, आपल्या दारातनं तीन पाणी पडताना दिसायची. दारात मधनं फुटलेला धोंडा होता. वारं शिरलं की घुमायचा. तिला हे तिच्या सासूनं सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूनं. गावाचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

"म्या शाळंत जाऊन तसंच सांगितलं," आप्पा म्हणाले. "मास्तर हसला. पोरं हसली. निपाणीला कुठलं आलंय पाणी पडायला? मग आई कवाबी त्ये बोलाय लागली की मीच म्हणायचो, गप गं, कायबी सांगतीस." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आई खोटं बोलत न्हवती गं."

समतानं चष्मा उचलून त्यांच्या हातात दिला.

पुढच्या रविवारी बापलेक जांबोटीला गेले. पाऊस सरला होता, भात पोटरीला आलेलं होतं, ओढे अजून भरून वाहत होते. समतानं दोन्ही चित्रांचे फोटो मोबाइलमध्ये घेतले होते. जांबोटीच्या हॉटेलात तीन धबधब्यांबद्दल विचारलं तेव्हा मालक म्हणाला, त्या अंगाला परशरामची जनावरं चरतात, त्याच्याकडं जावा. आणखी तासाभराची चाल होती.

परशराम साठीचा शेतकरी होता, अंगानं काटक. धबधब्यांचं ऐकून त्यानं मान हलवली. घरांचं ऐकून तो हसला, पण वाईट हसला नाही.

"वर वस्ती? न्हाय हो. वर कोण ऱ्हाणार? जंगलच हाय त्ये पयल्यापासनं."

"चित्रात दाखवलंय अण्णा," समतानं मोबाइल पुढं केला.

परशरामनं तो लांब धरून बघितला. "सायबाचं काय घिऊन बसलाय? त्येला जसं सुचलं तसं काढलं आसंल." तरीही त्यानं कोयता कमरेला लावला. "चला, दावतो. एवढ्या लांबनं आलाय."

चढ सरळ अंगावर येणारा होता. आप्पा दर थोड्या अंतरावर थांबत होते, पण बसत नव्हते. वर पोचल्यावर झाडी एकदम मोकळी झाली आणि समोरच्या कड्यावरून तीन धबधबे दिसले. तिघंही उभी राहिली. आप्पांनी दोन्ही हात जोडले, मग जोडलेले हात कुठं ठेवावेत ते न कळून खाली सोडले.

पण बाकी काहीच जुळत नव्हतं. चित्रात सगळ्यात उंच धबधबा उजवीकडं होता, इथं तो डावीकडं होता. धोंडा धबधब्यांच्या डाव्या अंगाला हवा होता. तिथं नुसता तुटका कडा आणि खाली दरी. घरांसाठी उतारच नव्हता. आप्पा एका मुळावर बसले.

"दुसराच डोंगर आसंल," ते म्हणाले. "तीन पाणी काय, कुठंबी पडत्यात."

समता मोबाइलमधल्या चित्राकडं आणि समोर आळीपाळीनं बघत होती. आणि एका क्षणी तिला स्वतःचीच लाज वाटली. पत्र्यावर काढलेलं कागदावर उलटं उमटतं. डाव्याचं उजवं होतं. ही गोष्ट ती मुलांना पहिल्याच तासाला शिकवते. आपलं नाव पत्र्यावर उलटं लिहा, असं सांगते. हा साहेब इथं उभा राहून थेट पत्र्यावरच रेघा ओढत गेला असणार आणि चित्र उलटं पडलं म्हणून त्याला काही फरक पडला नसणार. विलायतेत कोण तपासायला येतं?

तिनं फोटो उलटा केला. आरशात बघावा तसा.

"आप्पा, उठा," ती म्हणाली. "उजव्या अंगाला बघायचं."

उजवीकडं कारवीची दाट जाळी होती. परशराम कोयता घेऊन पुढं झाला. दहा-बारा घाव घातले आणि कोयता ठण्ण करून दगडावर आपटला. जाळी बाजूला सारत तो थोडा आत गेला. बराच वेळ तो बाहेर आला नाही.

"अण्णा?" समतानं हाक मारली.

"या हिकडं," आतून आवाज आला.

धोंडा घराएवढा होता. वरपासून खालपर्यंत भेग, हात जाईल एवढी. आप्पांनी भेगेला कान लावला. वारा पडलेला होता, धोंडा गप्प होता. त्यांनी कान काढला नाही. समतानं चित्र समोर धरलं. आता डोंगराची प्रत्येक रांग जागेवर होती. धोंड्याच्या पलीकडचा उतार तिच्या पायांखाली होता.

गवत पायानं दाबलं की खाली दगड लागत होते. सुटे दगड नव्हते ते, ओळीत बसवलेले होते. परशरामनं गवत कापलं तशी एका घराचं जोतं उघडं पडलं, मग त्याच्या शेजारी दुसरं. तिसऱ्या ठिकाणी मातीत जात्याची अर्धी तळी रुतलेली होती. परशराम तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिच्यावरची माती बोटानं खरवडत राहिला.

"पोरगा हुतो तवापासनं हितं जनावरं घिऊन येतोय मी," तो म्हणाला. "ह्या दगडांवर बसून भाकरी खाल्ल्यात. न्हाय, कवा ध्यानातच आलं न्हाय." त्यानं आप्पांकडं बघितलं, पण नजर टिकवली नाही. "कुणाची घरं ही?"

आप्पा जोत्यावर चढले. दार कुठं असेल त्याचा अंदाज घेत फिरले. जिथून तिन्ही धबधबे दिसत होते तिथं उभे राहिले आणि तिथंच रडले. आवाज न करता, तोंडावर उपरणं धरून. समतानं त्यांना वडील म्हणून पाहिलं होतं, हमाल म्हणून पाहिलं होतं, युनियनच्या मोर्चात पाहिलं होतं. घराच्या दारात उभा असलेला माणूस म्हणून आज पाहत होती. आपण तिथं असू नये असं तिला वाटलं, पण जायला जागा नव्हती.

खाली परतल्यावर परशरामनं त्यांना पडवीत बसवलं. त्याची आई रुक्माबाई कोपऱ्यात सूप घेऊन बसली होती. नव्वदीला टेकलेली, पण कान शाबूत.

"आये," परशराम म्हणाला, "वर घरं हुती म्हणं. जोती हाईत."

"हुतीच की," रुक्माबाई म्हणाली. सुपावरून तिनं मान वर केली नाही.

परशरामच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "मला कवा बोलली न्हाईस."

"तू कवा इचारलंस?" मग तिनं पाहुण्यांकडं बघितलं. "कुणाचं गा तुमी?"

हा प्रश्न आप्पांना आयुष्यभर विचारला गेला होता. समता उत्तर द्यायला पुढं झाली होती, तेवढ्यात आप्पा बोलले.

"वरच्यांचं."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. मग तिनं सांगितलं ते असं. तिची आज्जेसासू लहान पोर होती तेव्हाची गोष्ट. सरकारनं डोंगराला जंगलाची हद्द घातली आणि वरच्या लोकांना खाली हाकललं. महारांची वस्ती होती. खाली गावात त्यांना कुणी जागा दिली नाही. चार दिवस ती माणसं ओढ्याकाठी पडून राहिली आणि मग पोटापाण्याच्या वाटेनं घाटाखाली, निपाणीकडं, कुठं कुठं गेली.

"आन् घरं?" परशरामनं विचारलं.

"घरं काय, मोकळी पडली. ज्येला गावंल त्येनं लाकडं आणली." रुक्माबाईनं हात लांब करून पडवीच्या पलीकडं दाखवलं. "आपल्या गोठ्याचं त्ये दोन किंजळीचं खांब वरचंच हाईत. तुझ्या पणज्याच्या बापानं खांद्यावरनं आणलं."

गोठा समोरच होता. दोन जाड, काळपट खांब, जनावरांनी अंग घासून गुळगुळीत झालेले. एकाला म्हैस बांधलेली होती. परशराम उठला, गोठ्यापर्यंत गेला आणि खांबाजवळ उभा राहिला. खांबाला हात लावायला गेला आणि मागं घेतला. सकाळीच तो म्हणाला होता की वर कुणी नव्हतंच.

आप्पाही खांबांकडं बघत होते. रुक्माबाईच्या सुनेनं चहा आणला. घरच्याच कपबशा होत्या, सगळ्यांना सारख्या. आप्पांनी कप हातात घेतला आणि चहा निवून साय धरेपर्यंत तो तसाच धरून बसले.

परतीच्या बसमध्ये ते एवढंच म्हणाले, "चार दिस वड्याकाठी."

त्यानंतरचे काही दिवस समता रात्रंदिवस काम करत होती. दोन्ही चित्रं शेजारी लावायची, मधल्या भिंतीवर जोत्यांचे फोटो, आप्पांचं सांगणं, रुक्माबाईंचं सांगणं. ऋतिकालाही ते पटलं. निमंत्रणपत्रिकेवर तिनं काठीवाल्या माणसाचा भाग मोठा करून घ्यायचं ठरवलं. निपाणीहून आप्पांचा फोन आला. त्यांनी फोटोची मोठी प्रत मागितली. समतानं पाठवली.

प्रदर्शनाला आठवडा उरला असताना ऋतिकानं तिला बोलावलं. पेटीतली उरलेली चित्रं आता तिनं लावून घेतली होती. त्याच साहेबाची, निरनिराळ्या डोंगरांची.

"मॅडम, हे एकदा बघा," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मला वाटतं माझीच चूक होतेय."

चित्र दक्षिणेतल्या निलगिरी पर्वताचं होतं. गोलसर डोंगर, तळं, तळ्याकाठी गवत. आणि पुढं एक माणूस. खांद्यावर घोंगडं, हातात उंच काठी, काठीच्या टोकाला घुंगरं. मागं दोन बाया, डोक्यावर भारे. बाजूला कडेवर मूल घेतलेली बाई. घोंगड्याच्या चुण्या त्याच, मान वळवलेली तशीच, पुढं टाकलेला पाय तोच.

समतानं भिंग घेतलं नाही. गरजच नव्हती. डोंगरचित्रात पुढं चार माणसं उभी करायची, म्हणजे डोंगर किती मोठा ते कळतं. ही त्या काळातली रीतच होती. साहेबाकडं माणसांचं एक टिपण असणार. कुठल्या तरी बाजारात, कुठल्या तरी गावात कधीतरी घेतलेलं. मग जिथं डोंगर काढला तिथं तीच माणसं उभी केली.

"म्हणजे ही जांबोटीची नाहीत," ऋतिका म्हणाली.

"कुठलीच नाहीत," समता म्हणाली. त्या बाईच्या कडेवरच्या मुलाला तिनं मनात एक नाव दिलं होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"घरं?"

दोघींनी सगळी चित्रं तपासली. घरं मात्र दुसऱ्या कुठंही नव्हती. तसा उतार, तशी एकाला एक लागून घरं फक्त त्या एका चित्रात होती आणि त्यांची जोती तिनं पायाखाली अनुभवली होती. घरं खरी होती. दारातली माणसं खरी नव्हती.

"पत्रिका छापायला गेलीय," ऋतिका म्हणाली. "निलगिरीचं चित्र आपण लावलंच पाहिजे असं नाही. कुणाला कळणार नाही."

समता तिच्याकडं बघत राहिली. तिला राग आला नाही. तोच विचार तिच्याही मनात येऊन गेला होता.

"छपाई थांबव," ती म्हणाली आणि निपाणीची बस धरायला निघाली.

घरी गंगव्वा दारात होती. "बघ जा आत," ती म्हणाली, "तुझ्या बापानं काय केलंय."

बाहेरच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. त्यांच्या खाली, थोड्या अंतरावर, काठीवाला माणूस काचेच्या फ्रेममध्ये होता. हार घातलेला नव्हता, पण दोन्ही बाजूंना नवे दिवे होते. आप्पांनी आळीतल्या दोघांना बसवून घेतलं होतं आणि त्यांना तीन पाण्यांची गोष्ट सांगत होते. समताला बघून ते उठले. इतकं ताठ उभं राहिलेलं तिनं त्यांना बघितलं नव्हतं.

"ही माझी पोरगी. हिनंच हुडकून काढलं."

ती माणसं जाईपर्यंत ती थांबली. मग निलगिरीच्या चित्राचा फोटो काढून तिनं आप्पांच्या हातात दिला आणि जसं होतं तसं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही.

आप्पांनी मोबाइल भिंतीवरच्या फ्रेमजवळ नेला. माणूस आणि माणूस. बाई आणि बाई. दोनदा, तीनदा बघितलं. मग ते खाटेवर बसले आणि भिंतीकडं बघायचं त्यांनी टाळलं. गंगव्वानं पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. बाहेर कोल्हापूरच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"मी त्येला बाबा म्हणलो," आप्पा म्हणाले. "सकाळी उठून हात जोडत हुतो."

"आप्पा, माझी चूक झाली. आधी सगळी चित्रं बघायला पायजे हुती."

"तुझी कशी? तू काय काढलंस त्ये?" ते म्हणाले. मग एकदम मान वर करून विचारलं, "मग धोंडा?"

"धोंडा हाय की. आपण बघितलाय."

"जोती?"

"हाईत."

"त्या म्हातारीनं सांगितलं त्ये?"

"त्ये बी खरंच हाय."

आप्पा उठले, स्टूल घेतलं आणि फ्रेम स्वतः खाली काढली. काच पुसली आणि ती गंगव्वाच्या हातात दिली. "फोडू नगं. कुणाचा तरी बाप आसंलच त्यो. फकस्त आपला न्हाय." स्टुलावर उभे असतानाच ते समताला म्हणाले, "त्ये दुसरं पाठव मला. पुसल्यालं."

"पुसलेलं? त्यात काहीच न्हाय आप्पा. नुसता डाग हाय."

"व्हय. त्येच लावतो. त्यात जागा आपली हाय आन् दुसरं कोण उभं न्हाय तिथं."

समता त्या रात्री निपाणीलाच राहिली. तिला झोप लागली नाही. आईही जागीच होती हे तिला तिच्या कुशी बदलण्यावरून कळत होतं.

प्रदर्शन ठरल्या दिवशी उघडलं. आप्पा सकाळच्या बसनंच आले होते. पत्रिकेवर माणूस नव्हता, नुसता डोंगर होता. आत तीन चित्रं एका भिंतीवर होती. वस्तीचं, पुसलेलं आणि निलगिरीचं. खाली समतानं लिहिलं होतं की माणसं चित्रकाराच्या टिपणातली आहेत, घरं जागेवरची आहेत आणि ती का पुसली हे माहीत नाही. लोकांना नुसता मोकळा डोंगर हवा होता म्हणून, की साहेब दुसऱ्यांदा आला तेव्हा वस्ती खरंच उठलेली होती म्हणून, हे आता कोण सांगणार? काही जण वाचून पुढं जात होते. काही जण थबकत होते. शहापूरचे एक निवृत्त शिक्षक बराच वेळ वाचत होते. नंतर येऊन त्यांनी तिला विचारलं, "मग ती खरी माणसं दिसायची कशी?"

"माहीत नाही," समता म्हणाली.

दुपारी परशराम आला. बसनं, एकटाच, धुतलेलं धोतर नेसून. तो तिन्ही चित्रांसमोर उभा राहिला आणि पुसलेल्या जागेकडं बघत राहिला. मग आप्पांना बाजूला घेऊन म्हणाला, "गोठा पाडतोय मी दिवाळीनंतर. खांब तुमच्या दारात आणून टाकतो. माझ्यानं बघवंना झालंय त्येंच्याकडं."

समता जवळच होती. इतक्या वर्षांनी कुणी काही परत द्यायला आलं होतं आणि ते घ्यावं की नाही हे आप्पांना उमगत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"निपाणीत कुठं ठेवू?" ते शेवटी म्हणाले. "दोन खोल्यांचं घर हाय माझं."

"मग काय करू, सांगा."

"वर न्या," आप्पा म्हणाले. "जोत्यावर उभं करा. मी येतो मदतीला."

"जंगलवाले उपटून टाकतील."

"टाकू द्यात. तवर उभं ऱ्हातील."

परशरामनं मान डोलावली. त्याला जांबोटीची शेवटची गाडी गाठायची होती. आप्पा त्याला स्टँडपर्यंत सोडायला निघाले. समता दारात उभी राहून बघत होती. रस्ता ओलांडताना परशरामनं आप्पांचं कोपर धरलं आणि पलीकडं गेल्यावरही सोडलं नाही.